मदत हवी आहे: सासऱ्यांची किडनी आणि नणंदेने आणलेली फळांची टोपली

नमस्कार मंडळी,

सासऱ्यांचं क्रिएटिनिन (किडनी नीट काम करत नसली की रक्तात वाढतं ते) दोन वर्षं २.१च्या आसपास, म्हणजे वाढलेलं आहे. डायलिसिस नाही. बीपीची गोळी चालू आहे आणि रात्री कोलेस्टेरॉलसाठी अॅटोरव्हास्टॅटिन. परवा नणंद त्यांना भेटायला आली ती भली मोठी टोपली घेऊन. किवी, लाल गराचं ड्रॅगनफ्रूट, अव्होकॅडो, स्टारफ्रूट, ग्रेपफ्रूट. "बाबा, यात खूप अँटिऑक्सिडंट असतात, रोज खायचं हं!" लेकीने आणलंय म्हटल्यावर बाबांनी संध्याकाळी अख्खं ड्रॅगनफ्रूट संपवलं.

सकाळी बाथरूममधून मुलाला हाक. लघवी चक्क गुलाबी! आमचे हातपाय गळाले. तसेच उठून लॅब गाठली. तिथल्या मुलाने बाटली उजेडात धरली आणि शांतपणे विचारलं, "काल बीट खाल्लं होतं का?" रिपोर्टमध्ये रक्तपेशी नाहीत. म्हणजे रंग फळाचाच होता, पण तोवर आमचं अर्धं आयुष्य कमी झालं.

डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे. तोपर्यंत बाकीची फळं द्यावीत का? नेटवर जिथे बघावं तिथे 'सुपरफूड', 'सुपरफूड'. किडनीच्या पेशंटने काय करायचं ते कुणी धड लिहीत नाही.

रानपाखरू:
आधी स्टारफ्रूट टोपलीतून काढा, मग पुढचं वाचा. आडवं कापलं की चांदणी दिसते तेच ना? किडनी अधू असलेल्यांना ते फळ विषारी ठरू शकतं. त्यात किडनीत खडे करणारं ऑक्झॅलेट भरपूर असतं आणि शिवाय कॅरॅम्बॉक्सिन नावाचं द्रव्य असतं. ब्राझीलमधल्या संशोधकांनी ते २०१३ मध्ये शोधून काढलं. धडधाकट किडनी ते बाहेर टाकते, अधू किडनीला ते जमत नाही आणि ते मेंदूवर जातं. पहिलं लक्षण बऱ्याचदा न थांबणारी उचकी. मग गोंधळल्यासारखं होणं, झटके. माणसं दगावलीही आहेत. चव बघण्यापुरतंही देऊ नका. चुकून खाल्लं गेलंच तर उचकीची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

ग्रेपफ्रूटही नको, पण त्याचं कारण वेगळं आहे. आतड्यातलं जे एन्झाइम अॅटोरव्हास्टॅटिनसारखी औषधं मोडतं, ते हे फळ बंद पाडतं. मग गोळी तेवढीच, पण रक्तात औषध जास्त. हे कळलंही गंमतशीर रीतीने. १९८९ साली कॅनडात बीपीच्या गोळीवर दारूचा काय परिणाम होतो ते तपासत होते आणि दारूची चव झाकायला ग्रेपफ्रूटचा रस दिला होता. औषधाची पातळी अपेक्षेपेक्षा कितीतरी वर गेली. गोळी रात्री आणि रस सकाळी, अशी पळवाट काढू नका, परिणाम दिवसभराहून जास्त टिकतो. पपनसालाही हेच लागू.

खट्याळ_काकू:
बीटचा आणि लाल ड्रॅगनफ्रूटचा रंग एकाच जातीचा, बीटालेन. पांढऱ्या गराच्यात हा तमाशा होत नाही. :)
अव्होकॅडोचं कौतुक खरं आहे, १०० ग्रॅममध्ये जवळजवळ ७ ग्रॅम फायबर. पण पोटॅशिअमही ४८५ मिग्रॅ, आणि अधू किडनीला जास्तीचं पोटॅशिअम नीट बाहेर टाकता येत नाही! केळ्यात साधारण ३६० असतं, किवीत ३१०. बाबांचं पोटॅशिअम किती आहे ते लिहिलंच नाहीत तुम्ही. क आणि के जीवनसत्त्वासाठी किवी छानच, म्हणून तर रक्त पातळ करायची वॉर्फरिन घेणाऱ्यांनी ती एकदम सुरू करू नये. आणि दुधात घालू नका. मी एकदा हौसेने मिल्कशेक करून ठेवला होता, तासाभरात कडूजहर. किवीतलं एन्झाइम दुधातलं प्रोटीन तोडतं.

धागाकर्ती:
आज डॉक्टरांकडे जाऊन आलो. पोटॅशिअम ५.३ निघालं, म्हणजे थोडं जास्तच. स्टारफ्रूटचं नाव काढताच डॉक्टर खुर्चीत सरळ बसले. "खाल्लं तर नाही ना?" हाच पहिला प्रश्न. ग्रेपफ्रूट बंद, अव्होकॅडो तूर्तास नाही. किवी अर्धी, तीही रोज नाही आणि त्या दिवशी केळं नाही. ड्रॅगनफ्रूटच्या दोन-चार फोडी चालतील.

रानपाखरू, तुमचे आभार कसे मानू? स्टारफ्रूट त्याच रात्री कापायला काढलं होतं मी.

नणंदेला फोन करून सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "वहिनी, पण ड्रॅगनफ्रूट आवडलं ना बाबांना?"