मदत हवी आहे: होडीचा तळ गुळगुळीत होईना, रंगाआधी काय लावू?

करवीरचा_नावाडी: नमस्कार मंडळी. घरीच लाकडी होडी बांधली, आता फक्त रंग राहिलाय. तळावर हात फिरवला की सांध्यांवर उंचवटे लागतात, मधेमधे खड्डे आहेत. पॉलिश पेपर मारून मारून खांदे भरून आले. लांबी (खड्डे भरायची पुट्टी) कुठली भरू आणि प्रायमर कुठला? पाऊस लागायच्या आत पाण्यात घालायची आहे. 'आधी शोधून बघा' सांगणाऱ्यांनी पुढच्या धाग्यावर जावं.

चौकस_काका: लाकडी म्हणजे फळ्यांची की प्लायची? सांधे कशानं धरलेत? आधी काही मारलंय का?

शाहूपुरी_गॅरेज: भावा, एवढा कीस कशाला पाडतोस. डेंट काढल्यावर गाडीला भरतो ती बॉडी पुट्टी आण, हार्डनर मिसळ, चहा पिऊन येईस्तोवर वाळती. वर सरफेसर, मग रंग. विषय संपला.

पॅटर्नवाला_उद्यमनगर: पाण्याखाली ती पुट्टी नको. तिच्यात टाल्क असतं, ओल धरते आणि फुगून सुटते. आम्ही फौंड्रीच्या लाकडी पॅटर्नना (ज्यावरून वाळूत साचा उठवतात तो नमुना) सर्रास लावतो, पण पॅटर्न वाळूत जातो, तळ्यात नाही.

शाहूपुरी_गॅरेज: मग पावसात फिरणाऱ्या गाड्यांची पुट्टी गळून पडती काय?

पॅटर्नवाला_उद्यमनगर: गाडी भिजते आणि वाळते. होडी पाण्यात बसून राहते. आणि पत्रा लाकडासारखा फुगत नाही.

देवगडकर: आमच्याकडे फटीत कापूस आणि राळ ठोकतात, वरून काजूच्या टरफलाचं तेल. वाडवडिलांच्या होड्या यावरच चालल्या. तुमची ही पुट्टीबिट्टी कोणी बघितली नव्हती.

करवीरचा_नावाडी: फटी नाहीत ओ! ६ एमएमचा आयएस ७१० शिक्क्याचा मरीन (पाण्यात टिकणारा) प्लाय आहे. तांब्याच्या तारेनं शिवून एपॉक्सी, म्हणजे हार्डनर मिसळून घट्ट होणारं रेझिन, भरलंय, सांध्यांवर आतबाहेर काचकापडाची (फायबरग्लास) पट्टी. उंचवटे त्या पट्टीचेच. होडी घरी बांधली म्हटल्यावर एवढं कळायला हरकत नव्हती.

चौकस_काका: नाहीच कळलं. बाकीच्या तळाला एपॉक्सी आहे की कोरा प्लाय?

करवीरचा_नावाडी: कोरा. रंग मारणारच आहे की वरून.

पॅटर्नवाला_उद्यमनगर: नुसत्या रंगाच्या भरवशावर प्लाय सोडू नका. आधी सगळ्या तळाला एपॉक्सीचे दोन-तीन पातळ हात द्या, प्लायच्या कडांना जास्त, पाणी तिथूनच शिरतं. संध्याकाळी मारा. दिवसा लाकूड तापत जातं तशी आतली हवा बाहेर येते आणि बुडबुडे धरतात. मिसळलेलं एपॉक्सी मगात ठेवू नका, या उन्हाळ्यात तापून धूर काढेल. पसरट ट्रेमध्ये ओता.

वाळल्यावर वर मेणचट थर येतो. तो पाण्यानं आणि हिरव्या घासणीनं धुवायचा, मगच पेपर. नाहीतर तो आत चोळला जातो आणि रंग सुटतो. पुढं एपॉक्सीत मायक्रोबलून पावडर (बारीक पोकळ गोळ्यांची हलकी भुकटी) घालून श्रीखंडाइतकं घट्ट करा आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंना लांबवर उतरतं भरा. उंचवटा कापायचा नाही, शेजार वर आणायचा. लांब लवचिक पट्टीला ८० नंबरचा पेपर चिकटवून तिरपा हात चालवा. त्याआधी काळा स्प्रे हलका मारा, घासल्यावर काळं राहील तो खड्डा. सगळं सारखं झालं की परत एपॉक्सीचा एक हात, कारण ही लांबी सच्छिद्र असते. पुन्हा धुणं, २२० चा पेपर, एपॉक्सी प्रायमर आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग. रंग टाळू नका, उन्हानं एपॉक्सी खराब होतं. घासताना मास्क लावा.

करवीरचा_नावाडी: एवढं? हार्डनर जास्त टाकलं तर लवकर वाळेल का?

पॅटर्नवाला_उद्यमनगर: अजिबात नको. बॉडी पुट्टीत थोडंफार चालतं. एपॉक्सीत डब्यावरचं प्रमाण मोडलं तर ते कायम मऊ राहतं, सगळं खरवडून काढावं लागेल.

देवगडकर: तेलाला प्रमाण लागत नाही.

चौकस_काका: आणि तेलावर रंगही धरत नाही.

शिरोळकर: कुठं सोडणार, रंकाळा तलावात की कळंबा तलावात? परवानगीचं बघितलं काय? आमच्याकडं तर २०१९ च्या पुरापासून वाटतंय, प्रत्येक गल्लीला एक नाव पाहिजे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फूट झालं की धोका पातळी, तोवर आमच्या पोटात गोळा.

करवीरचा_नावाडी: पुराचा धागा वेगळा आहे. घासताना काचकापड उघडं पडलं तर काय?

पॅटर्नवाला_उद्यमनगर: तिथंच थांबा. कापड कापलं की सांध्याचा जोर गेला. एपॉक्सीचा हात देऊन वर लांबी भरा.

नवीन_सभासद: आमची गच्ची गळते, हेच एपॉक्सी मारलं तर चालेल का?

चौकस_काका: स्लॅबची की पत्र्याची?