शब्दचर्चा: ‘फैज’ला मराठीत काय म्हणावं? जासूद, कासीद की पाईक?

बोरू: एका लेखाचं भाषांतर करतेय आणि एका शब्दापाशी दोन दिवस अडलेय. लेख आहे जुन्या कैरोतल्या बेन एझरा सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, सापडलेल्या व्यापाऱ्यांच्या पत्रांवर. पत्रं बहुतेक ११व्या-१२व्या शतकातली, भाषा अरबी, लिपी हिब्रू. मंगळुरात राहिलेल्या अब्राहम बेन यिजू या व्यापाऱ्याची पत्रंही त्याच साठ्यातली. त्यांत पत्र नेणाऱ्याला ‘फैज’ म्हटलंय, अनेकवचन ‘फुयूज’. आजच्या अरबीतून हा शब्द गेला. मी ‘जासूद’ लिहिलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून शेरा मारला: ‘फैज म्हणजे कृपा’. आता काय लिहू?

मोडीवाचक: ताई, बाईंचा फैज वेगळा. अरबीत त्याचं शेवटचं अक्षर निराळं, देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात एवढंच. तुमचा फैज म्हणजे फारसी ‘पैक’. अरबीत प नाही, म्हणून फ झाला. आणि जुन्या फारसीतल्या शब्दाच्या शेवटचा क-ग अरबीत गेला की पुष्कळदा ज होतो. आपला फालुदा मूळचा ‘पालूदा’, अरबांनी त्याचा ‘फालूजज’ केला. पील, म्हणजे हत्ती, त्याचा फील झाला. ‘जासूद’ मात्र ठेवाच. पेशवाईतल्या कागदांत जासूदजोडी रवाना झाल्याचे उल्लेख सारखे येतात, आणि तिथे जासूद म्हणजे पत्र घेऊन धावणारा.

घाटमाथा: मोडी वाचणाऱ्यांसाठी ठीक आहे. आजचा वाचक ‘जासूद’ वाचून हेर समजणार, त्याला बहिर्जी नाईक आठवणार. शिवाय फैज सरकारचा माणूस नव्हता. सरकारी टपाल ते ‘बरीद’. फैज व्यापाऱ्यांची पत्रं मजुरी घेऊन पोचवायचा. आपल्याकडे हे काम कासीद करायचा. पानिपतची बातमी नानासाहेबांना कशी कळली? नर्मदेपाशी सावकारांचा कासीद सापडला. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ लिहितो की तो पानिपतहून नवव्या दिवशी औरंगाबादेला पोचायच्या बोलीवर निघाला होता. दोन मोती गळाल्याचं ते पत्र त्याच्याजवळचं. व्यापारी पत्र, खाजगी माणूस, ठरलेली मुदत. याहून जवळचा शब्द मला तरी दिसत नाही.

आजोबांचा टाक: एक अरबी शब्द काढायचा आणि दुसरा अरबी घालायचा, हे कसलं भाषांतर? घरात ‘पाईक’ असताना? संस्कृत पदाति, प्राकृत पाइक्क, मराठी पाईक. तुकोबांनी पाइकीचे अभंग लिहिले, ओडिशात १८१७ला पाईकांचं बंड झालं. माझं तर मत आहे की इराण्यांनी ‘पैक’ आपल्याकडूनच उचलला.

मोडीवाचक: काका, उचलला नाही. सासानी काळातल्या, म्हणजे इस्लामपूर्व इराणातल्या, फारसीत ‘पैग’ होता, आणि त्याचे अर्थ दोन: पायदळातला शिपाई आणि निरोप्या. दोन्ही शब्द ‘पाय’ या एकाच जुन्या धातूतून निघालेले, म्हणजे चुलतभाऊ. बुद्धिबळातलं प्यादंही त्याच कुळातलं. अरबीत त्याचं ‘बैदक’ झालं.

आजोबांचा टाक: चुलतभाऊ म्हणजे घरचाच की! मग परक्याला का बोलवायचं?

घाटमाथा: काका, पाईक म्हटलं की धन्याशी निष्ठा येते. तुकोबांचा पाईक स्वामीसाठी जीव द्यायला उभा असतो. फैज चार जणांची पत्रं एका थैलीत घेऊन जाणारा. ‘कासीद’ही आपल्याकडे तीनशे वर्षं नांदला, तो परका कसा?

सागरगोटा: मला शब्दापेक्षा माणूसच दिसतोय. आमच्या आजोळी, रत्नागिरीकडे, खाडीपलीकडून टपालाची थैली घेऊन माणूस पळत यायचा. हातात घुंगरं बांधलेली काठी. आजी चुलीपुढे असली तरी आवाज ओळखायची, हात पदराला पुसून ओटीवर येऊन उभी राहायची. मुंबईहून मामाची मनीऑर्डर असायची. आजी त्याला ‘रनर’ म्हणायची, दुसरा शब्द मी तिच्या तोंडी ऐकला नाही. पुढे इब्न बतूता या प्रवाशाच्या वर्णनात हिंदुस्थानातल्या टपालधाव्यांच्या हातात घुंगरांची काठी वाचली आणि अंगावर काटा आला. तो १४व्या शतकातला!

वाळवंटी: तेहरानला नोकरीत होतो तेव्हा दुचाकीवरून जेवण आणून देणाऱ्याला ‘पैक’ म्हणताना रोज ऐकायचो. तुर्कीत ‘पेय्क’ म्हणजे आता उपग्रह. अरबीत मेला तो इतरत्र मजेत आहे.

बोरू: सगळ्यांचे आभार. पण लेखात फैज आणि बरीद एकाच परिच्छेदात येतात, तिथे दोघांना निरनिराळे शब्द हवेत. बरीदला ‘सरकारी डाक’ केलं. फैजपुढे अजून तिन्ही शब्द पेन्सिलीनं लिहिलेले आहेत. ‘टपालधाव्या’ चौथा लिहू का?

आजोबांचा टाक: टपालधाव्या चालेल, पण पाईक खोडू नका.

उंबरठा: मधेच विचारते, माफ करा. आमचं सासरचं आडनाव काशीद. ते या कासीदावरूनच आलं, असं सासरे सांगायचे, आणि पुरावा म्हणून कपाटातला एक मोडी कागद दाखवायचे. आम्हाला कुणालाच तो वाचता येत नाही.

मोडीवाचक: ताई, उजेडात फोटो काढा आणि टाका. घडीवरची अक्षरं पुसली असतील तर तेवढ्या भागाचा वेगळा काढा. आज रात्री बसतो.