पुनर्विक्रीच्या फ्लॅटसाठी रोख रक्कम द्यावी का?

कोथरूडकर: पुण्यात जुना फ्लॅट शोधतोय. सौदा ८० लाखांचा, करारनामा ६० चा, बाकीचे २० 'कॅश'. मालक हे अगदी सहज सांगतात. माझं मत, देऊ नयेत. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घ्यायला १ जून २०१५ पासून आयकर कायद्यात बंदी आहे. घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. आमचा कर पगार हातात पडण्याआधी कापला जातो आणि या २० लाखांवर कुणीच काही भरत नाही. चीड येते याची.

डोंबिवलीकर: चीड येऊन घर मिळत नाही. मालकाला नफ्यावर साडेबारा टक्के, तुम्हाला स्टँप ड्यूटी ७ टक्के. २० लाखांवर तुमचेही १ लाख ४० हजार वाचतात. दर असे ठेवल्यावर लोक वाट काढणारच.

ठाणेकर: हिशेब अर्धाच मांडलात. बँक कर्ज देते ते करारातल्या किमतीवर. मग रोख आणायची कुठून, दागिने मोडून? पुढे तोच फ्लॅट पूर्ण चेकने विकाल तेव्हा खरेदी ६० चीच दिसणार. म्हणजे न झालेल्या २० लाखांच्या नफ्यावर अडीच लाख कर. शिवाय सौदा फिसकटला तर रोख दिल्याचा पुरावा काय दाखवणार?

डोंबिवलीकर: म्हणूनच पुढचा मालकही रोखच मागतो! साखळी आहे ही, एकट्या गिऱ्हाइकाने कशी तोडायची? नोटाबंदीनंतर १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी परत आल्याचं रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं. काळा पैसा उशीखाली नसतोच, तो जमिनीत आणि घरांत असतो.

निफाडकर: जमिनीत असतो हे खरं. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून शहरातली मंडळी धंद्याचा नफा द्राक्षांच्या नावावर दाखवतात आणि बदनाम होतो तो खरा शेतकरी. फ्लॅटचं म्हणाल, तर जिथे रेडी रेकनर, म्हणजे ड्यूटीसाठी सरकारने ठरवलेला दर, बाजारभावाच्या खाली असतो तिथे मधली दरी रोखीनेच भरते. रेकनर खऱ्या भावाजवळ आणा आणि ड्यूटी कमी करा. दोन्ही एकदमच व्हायला हवं, नाहीतर मार गिऱ्हाइकालाच.

कोथरूडकर: हे पटलं. डोंबिवलीकर, तुमची साखळीही मान्य, पण मालकाला सरळ मार्ग आहेच. जुनं घर विकून दोन वर्षांत दुसरं घेतलं तर गुंतवलेल्या नफ्यावर कर लागत नाही, आणि बहुतेक जण मोठ्या घरासाठीच विकतात. एजंटला सांगून ठेवलंय, पूर्ण चेकने देणारा मालक आण, भावात लाख-दीड लाख वर देतो.