मदत हवी: हेल्मेटच्या मागच्या काठाला ३ भोकं आहेत, गंज कसा काढू?

पन्हाळावाला
शाळेच्या प्रदर्शनासाठी दुसऱ्या महायुद्धातलं पसरट काठाचं हेल्मेट मिळालंय. वजन किलोभर, मागच्या काठाला ओळीनं ३ भोकं, गंज चढलेला, अस्तर फाटकं, पट्टा गायब. चुंबक चिकटत नाही म्हणून एकजण नकली म्हणतोय. कोल्हापूरच्या उद्यमनगरात शॉट ब्लास्टिंग (बारीक छर्‍यांच्या माऱ्यानं गंज उडवणं) करून रंग मारावा, चप्पल लाईनीत चामडी पट्टा करून घ्यावा, असा बेत आहे. पोरांना घालून बघता येईल ना? पुतळ्याला इटलीतल्या मराठा पलटणीचा पोशाख हवाय.

लोखंडी_कढई
ब्लास्टिंगला अजिबात नेऊ नका. दहा मिनिटांत चकाचक होईल खरं, पण मूळ खाकी रंग आणि काठाखालचे शिक्के जातील, मग उरेल नुसती घमेली.

भोकं गोळीची नव्हेत. मागं अशी ३ भोकं म्हणजे दक्षिण आफ्रिकेत बनलेलं मार्क २, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश नमुन्याचं हेल्मेट. काठाच्या आतल्या बाजूला ‘यू’ अक्षरात बाण दिसतो का, भिंगानं बघा. तिथली फौज इटलीत होती, आपल्या पलटणीही तिथंच. चुंबकाचं मनावर घेऊ नका, ही हेल्मेटं मँगनीज स्टीलची, त्याला चुंबक धरत नाही.

सुतळी_बाँब
पोरांच्या डोक्यावर नको. त्या काळच्या बऱ्याच हेल्मेटांच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याचे तंतू श्वासातून गेले तर फुफ्फुसाला घातक, आणि तुमचं अस्तर तर फाटलेलं आहे. ब्रश मारू नका, झटकू नका, व्हॅक्यूम लावू नका, अस्तर धरणारा वरचा स्क्रू खोलायचा मोहही आवरा. अस्तरावर पाण्याचा हलका फवारा मारून ते आहे तिथंच जाड प्लास्टिकनं झाका आणि हेल्मेट काचेआड मांडा. सोबत गॅस मास्क मिळाला तर त्याचा डबा तर हुंगायचाही नाही, फिल्टरमध्ये तेच.

लोखंडी_कढई
बाहेरच्या गंजाला पातळ मशीन तेल लावा, रात्रभर मुरू द्या, सकाळी सुती फडक्यानं पुसा. दोन-तीन वेळा करा. सैल गंज सुटतो, घट्ट तपकिरी थर राहू द्या. व्हिनेगर, अ‍ॅसिड नको, ते रंगाखाली शिरून नवा गंज काढतं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळं घासकाम कोरडं करू नका, हातमोजे घाला. तेल पूर्ण पुसून झाल्यावर मेणाचा पातळ हात द्या. आपल्याकडं जुलैत भिंतींना पाणी सुटतं, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर महिन्याला बदला.

पन्हाळावाला
बेत रद्द! चामडी पट्ट्याचं काय?

खाकी_ड्रिल
चामडी पट्टा पहिल्या महायुद्धातल्या हेल्मेटाला. मार्क २ ला कापडी, दणकट विणीचा. नवा पट्टा तसाच घ्या, पण त्यावर ‘नवा’ अशी चिठ्ठी हवी. लावताना अस्तराला धक्का लागता कामा नये, बाजूच्या कड्यांत ओवून थांबा. बसत नसेल तर पट्टा बाजूला मांडा.

पोशाख महिन्यावर ठरतो. इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या दोन मराठा जवानांपैकी यशवंत घाडगे यांचं शौर्य १० जुलै १९४४ चं, तेव्हा खाकी ड्रिल, म्हणजे उन्हाळी सुती गणवेश, शोभेल. नामदेव जाधव यांचं ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदीवरचं, त्याला लोकरी बॅटलड्रेस, म्हणजे आखूड जाकिटाचा जाड गणवेश. जंगल ग्रीन हा हिरवा गणवेश ब्रह्मदेशातला, तो शर्ट घालून इटली लिहिलंत तर कोणीतरी निवृत्त सुभेदार फलकासमोर उभं राहून सांगेलच.