हरिश्चंद्रगडावर मुक्काम करताना फोनवरच्या नकाशाचा आधार किती घ्यावा?

डिसेंबरमध्ये आम्ही चौघे खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडावर जाऊन एक रात्र मुक्काम करणार आहोत. गेल्या वर्षी दुसऱ्या एका किल्ल्याच्या वाटेवर, गाव मागे पडताच रेंज गेली, नकाशाच्या जागी नुसता करडा पडदा उरला आणि अंधार पडेपर्यंत आम्ही एकाच ओढ्याच्या काठाने वाट शोधत राहिलो. या वेळी फोनबरोबर जीपीएस असलेले घड्याळही आहे. रेंज नसताना या साधनांचा उपयोग होतो का, आणि दोन दिवस चार्जिंग कसे पुरवावे?

प्रतिसाद १
जीपीएसला रेंज लागत नाही. फोन उपग्रहांचे संकेत थेट घेतो. इंटरनेटवरून येतो तो नकाशा, आणि तुमचा तोच नाहीसा झाला होता. ऑस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स या नकाशाच्या ॲपमध्ये या भागाचा नकाशा घरीच उतरवून घ्या. गूगल मॅप्सचा नकाशाही उतरवता येतो, पण ऑफलाइन असताना त्यात पायी जाण्याचा मार्ग मिळत नाही. तोलार खिंडीवरचा रेलिंगचा कातळटप्पा चढल्यावर वाट झाडीतून लहान लहान टेकाडे ओलांडत जाते आणि तिथे गुरांच्या वाटा फसवतात, म्हणून खिरेश्वरपासूनच ट्रॅक नोंदवायला सुरुवात करा, म्हणजे परतताना घड्याळ त्याच वाटेने मागे आणील. दुसऱ्याची जीपीएक्स फाइल (चाललेल्या वाटेची जीपीएसने केलेली नोंद) घेणार असाल तर दोन-तीन फायली ताडून पाहा, कारण चुकलेल्या माणसाची चूकही तिच्यात जशीच्या तशी नोंदलेली असते.

प्रतिसाद २
नकाशात समोच्चरेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, दिसतील असे करून घ्या, ही माझी कळकळीची विनंती आहे. नुसत्या सपाट नकाशावर पायथ्याचे बेलपाडा गाव गडावरच्या कोकणकड्याला अगदी लागून दिसते, पण मध्ये शेकडो मीटरचा सरळसोट कडा आहे, आणि तो त्या रेषा एकमेकींना चिकटलेल्या पाहूनच कळतो. मोकळ्या माळावर आपले स्थान काही मीटरच्या फरकाने बरोबर येते. मात्र उंच कातळभिंतीजवळ संकेत परावर्तित होतात आणि पडद्यावरचा ठिपका उड्या मारू लागतो. अंधारात किंवा धुक्यात त्या ठिपक्याच्या भरवशावर कड्याकडे मुळीच जाऊ नका.

प्रतिसाद ३
रेंज नसलेल्या जागी फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि त्यातच बॅटरी झपाट्याने उतरते. एअरप्लेन मोड लावला तरी जीपीएस चालू राहते. एक फोन असा वापरा, दुसरा बंद करून पिशवीत ठेवा, आणि १०,००० एमएएचची पॉवर बँक रात्री थंडीत बाहेर न ठेवता स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. आपल्या सिमची रेंज नसली, तरी दुसऱ्या कंपनीचे नेटवर्क मिळत असेल तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक लागू शकतो, तेव्हा संकटात एअरप्लेन मोड काढून प्रयत्न करा. परदेशातून कुणी उपग्रहावरून संदेश पाठवणारे उपकरण आणून दिले असेल, तर सरकारी परवानगीशिवाय ते भारतात वापरू नका. गड अभयारण्यात येतो, त्यामुळे तंबूबाबतचे सध्याचे नियम वनविभागाकडे निघण्यापूर्वीच विचारून घ्या. पहिल्यांदाच जात असाल तर खिरेश्वरमधून वाटाड्या सोबत घ्या, आणि तुमचा ट्रॅक तेव्हाही नोंदवत राहा.