डोक्यातलं प्रेशर उतरवायला ऑक्सिजन चेंबर? कोणी माहितगार असेल तर सांगा

डिचोलीकर:
मेव्हणा पर्वरीला स्कूटरवरनं पडला, डोक्याला मार, बांबोळीला आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहे. मेंदूतलं प्रेशर मोजायला डोक्यात वायर घातलीय, आकडा कधी १६ कधी २४. आमचे काका म्हणतात हायपरबॅरिक चेंबरमध्ये (जास्त दाबाखाली ऑक्सिजन देतात ती बंद पेटी) ठेवलं की प्रेशर उतरतं, बाहेर कुठेतरी हलवूया. बहीण रडून रडून मलाच विचारतेय काय करायचं. खरंच उतरतं का?

आयसीयू_सिस्टर:
काका अगदीच चुकीचं बोलत नाहीत. ऑक्सिजन एवढा वाढला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, कवटीतलं रक्त कमी होतं आणि प्रेशर उतरतं, शिवाय प्लाझ्मातच, म्हणजे रक्तातल्या पातळ भागातच, ऑक्सिजन विरघळतो म्हणून रक्त कमी जाऊनही मेंदूला तो पुरतो. पण बाहेर काढल्यावर परत चढू शकतं. १९९२ साली अमेरिकेतली १६८ पेशंटची ट्रायल छापून आली, दर ८ तासांनी १ तास चेंबर, १.५ अ‍ॅटमॉस्फिअर म्हणजे नेहमीच्या हवेच्या दीडपट दाब. चेंबर न दिलेल्यांत मृत्यू ३२ टक्के, दिलेल्यांत १७ टक्के, पण जे वाचले ते जास्त बरे झाले असं काही दिसलं नाही. म्हणून हा अजून रुटीन उपचार नाही.
आणि २४ बघून घाबरू नका, सक्शन केलं (नळीतून कफ ओढला), खोकला आला की चढतोच. २२ च्या वर टिकून राहिला की आम्ही धावतो.

पाणबुडा_वास्को:
मी ग्रँड आयलंडला डायव्हिंग शिकवतो. १.५ म्हणजे पाण्याखाली ५ मीटर. तेवढ्यातच नाक दाबून कान मोकळे केले नाहीत तर असे ठणकतात की नवीन माणूस सरळ वर पळतो. बेशुद्ध माणूस काय करणार?

आयसीयू_सिस्टर:
बरोबर दादा, त्या ट्रायलमध्ये नेमकं तेच झालं, कानाच्या दुखण्याने प्रेशर चढायचं, मग कानाच्या पडद्याला बारीक छेद द्यायला लागले तेव्हा आकडे खाली आले. छातीत फुप्फुसाबाहेर हवा असेल आणि ती काढलेली नसेल तर चेंबर नाहीच. कवटीत हवा अडकली असेल तर चेंबरचं प्रेशर सोडताना ती फुगते. आणि आकडा असा वरखाली होत असताना अ‍ॅम्ब्युलन्समधून हलवणं, माझा भाऊ असता तर मी हलवू दिलं नसतं.

डिचोलीकर:
थँक्यू ताई. सीटी रिपोर्टचा फोटो काढलेला, त्यात न्यूमोसेफॅलस लिहिलंय, म्हणजे?

आयसीयू_सिस्टर:
तीच कवटीतली हवा. उद्या राउंडला न्यूरोसर्जनना विचारा ती अजून किती उरलीय, आणि काकांना सोबत न्या.