अॅनामॉर्फिक वापरू की शूट करून वरखाली क्रॉप करू?

फ्रेमवेडी:
नमस्कार मंडळी, शॉर्टफिल्म करतेय, दोन बहिणींची गोष्ट, जवळजवळ सगळी एका खोलीत. फ्रेम २.३९ चीच हवी, म्हणजे उंचीच्या २.३९ पट रुंद, कारण दोघींमधलं रिकामं अंतर दिसायला पाहिजे. कॅमेरा फक्त १६:९ रेकॉर्ड करतो. ओळखीतून २ एक्सची जुनी प्रोजेक्टरची अॅनामॉर्फिक लेन्स मिळतेय (चित्र आडवं दुप्पट दाबून घेते, नंतर ताणून रुंद करायचं), नाहीतर १.३३ एक्सचा अॅडॅप्टर भाड्याने घेता येईल. सगळे म्हणतात नुसतं क्रॉप कर, कुणाला काही कळत नाही. पण मागचे दिवे ते उभे लांबट दिसतात ना, त्यात माझा जीव अडकलाय. काय करू?

काचेपलीकडे:
आधी गणित बघ. १६:९ म्हणजे १.७८, त्याला १.३३ ने गुणलं की साधारण २.३७, तुला हवी तीच फ्रेम आणि सेन्सरची पूर्ण उंची वापरली जाते. २ एक्स लावलीस तर ३.५६ होतं, मग २.३९ साठी बाजूचा जवळपास एक तृतीयांश भाग फेकावा लागेल. २ एक्स ही मुळात ३५ एमएम फिल्मच्या जवळपास चौकोनी गेटसाठीची (फिल्मवर प्रकाश पडतो ती चौकट) गोष्ट, १९५३ ला सिनेमास्कोप हे रुंद पडद्याचं तंत्र आलं ते त्याच हिशोबावर. पण एक खरं सांगतो, १.३३ मध्ये तो लांबटपणा खूप कमी असतो, तुला हवा तसा बोके, म्हणजे मागच्या धूसर दिव्यांचा आकार, २ एक्सच देते.

साधीलेन्स:
मी क्रॉपवाला. यूएचडी म्हणजे ३८४० बाय २१६० पिक्सेल, २.३९ ला कापलं की उंची १६०७ च्या आसपास उरते, पाव भाग गेला, बस. त्या बदल्यात फोकस हातात राहतो, लाईट कमी असली तरी चालतं, आणि पोस्टमध्ये, म्हणजे शूटनंतरच्या कामात, फ्रेम वरखाली सरकवता येते, हे छोट्या युनिटला फार मोठं आहे. मॉनिटरवर फ्रेमलाईन्स (कुठे कापणार ते दाखवणाऱ्या रेघा) लाव आणि त्यातच रचना कर, एडिटला बसून नंतर पट्ट्या टाकू नकोस, त्यानेच फ्रेम बिघडते.

रात्रपाळी:
सगळं बरोबर, पण खोलीचं कुणी बोललंच नाही. जुन्या प्रोजेक्टर लेन्सला बहुतेक वेळा दोन फोकस असतात, कॅमेऱ्याची लेन्स वेगळी आणि अॅनामॉर्फिक वेगळी, दोन्ही जुळवेपर्यंत नटाचा तो क्षण निघून जातो. शिवाय ती जवळचं पकडत नाही, पुढे डायॉप्टर (जवळचं फोकस करणारी जादा काच) लावावा लागतो, आणि प्लस १ लावला की एक मीटरपलीकडचं सगळं गेलं, म्हणजे बहीण खिडकीपाशी चालत गेली की कट. अजून एक, सुरुवातीच्या सिनेमास्कोपमध्ये क्लोजअपला चेहरे गालफुगी झाल्यासारखे रुंद दिसायचे, कारण जवळ आलं की लेन्सचा स्क्वीझ, म्हणजे आडवं दाबणं, कमी होतो आणि पडद्यावर मात्र पूर्ण २ पट ताणलं जातं. जुन्या काचेत हे आजही होऊ शकतं. तुझी गोष्ट चेहऱ्यांची आहे, म्हणून सांगतेय.

फ्रेमवेडी:
खूप आभार सगळ्यांचे! काल २ एक्स आणून टेस्ट केली. ८५ एमएमच्या लेन्सवर नीट बसते, ३५ वर कोपरे काळे. खोलीत ८५ घेऊन मागे सरकायला जागाच नाही. म्हणून संवाद सगळे साध्या लेन्सवर क्रॉप करून, आणि शेवटचा गच्चीवरचा एकच शॉट, जिथे दोघी लांब उभ्या आहेत आणि मागे दिवे आहेत, तो २ एक्सवर. चालेल ना? आणि लेन्स सरळ बसलीये हे ओळखायचं कसं, मला चेहरे किंचित तिरके वाटत होते.

काचेपलीकडे:
उत्तम, गच्चीवर फोकस एकदा लावला की हलवायचाच नाही. सरळ बसवायला मोबाईलचा टॉर्च लेन्सवर मार, फ्लेअरची, म्हणजे चमकेची, आडवी रेघ फ्रेमच्या वरच्या कडेला अगदी समांतर येईपर्यंत अॅनामॉर्फिक हळूहळू फिरव आणि क्लॅम्प घट्ट कर. लेन्स बदलली की परत हेच.